आधी पाणी, मग नाव

एक होता निळाशार समुद्र. चहूबाजूंनी जमिनीनं कवेत घेतलेला, म्हणून त्याला म्हणायचे भूमध्य समुद्र. त्याच्या काठी मिरासा नावाचं एक म्हातारं, दमलेलं बंदर होतं. तिथे कधीकाळी सोन्याचा धूर निघायचा म्हणे! आता बंदरात गाळ साचला होता आणि धक्क्यावरच्या विहिरीचं पाणीही खारट झालं होतं.

चिमुकली इस्मिनी तिथेच राहायची. ती पाळण्यात असताना तिचे बाबा समुद्रावर गेले, ते परतलेच नाहीत. रोज दोन टेकड्या ओलांडून ती इवल्याशा घागरीतून गोड पाणी आणायची. जाळी विणून विणून आईची बोटं सोलवटली होती.

"पुरे झालं गं आता," आई म्हणाली. "उद्या सकाळी चंबूगबाळं आवरून निघायचं. पाण्यावाचून माणूस किती दिवस काढणार?"

इस्मिनीनं समुद्राकडे पाहिलं. आपण गेलो आणि मागून बाबा आले तर?

त्या दुपारी पाणी घेऊन येताना ती वाटेतल्या उजाड बागेत टेकली. तिथे संत्र्याचं एकुलतं एक झाड होतं. त्याखाली एक बाई बसली होती. ओठ सुकलेले, अंगावर विटका चंदेरी झगा. इस्मिनीनं काही न विचारता घागर पुढे केली. बाई घटाघटा अर्धी घागर प्यायली, आणि काय आश्चर्य! तिच्या पाठीवर मोरपंखी, गुलाबी, केशरी पंख लुकलुकू लागले.

"माझं नाव नाही विचारलंस, बाळ?"

"तुम्हाला तहान लागली होती ना, मावशी."

परी थकलेलं हसली. "या गावाची रीतच होती ती. कुणीही काठावर उतरलं की आधी पाणी, मग नाव. मग मला पाणी पाजणाऱ्या एका मुलानं माझ्याकडे जहाजं मागितली. जहाजं आली, त्यांच्यामागून चाचे आले. दुसऱ्यानं तट मागितला. तट झाला, दारात पहारेकरी बसले, आणि आधी नाव विचारू लागले. तिसरीनं सोनं मागितलं. सोन्यापायी राजे भांडले. लढाऊ जहाजांसाठी टेकड्यांवरची झाडं तुटली, माती वाहून आली नि बंदर बुजलं. देऊन देऊन मी दमले गं. आता तू माग. पण ओंजळीत मावेल तेवढंच, आणि एकटीपुरतं नको."

इस्मिनीनं आपल्या ओंजळीकडे पाहिलं. बाबा काही तिच्यात मावत नव्हते. तिला रडू आलं. मग डोळे पुसून ती म्हणाली, "गोड पाणी द्या. विहिरीत ओतते. सगळ्यांना होईल."

परीनं तिची ओंजळ चमचमत्या पाण्यानं भरली. "पण एक अट आहे. तहानलेल्याला आधी पाणी, मग नाव. ही रीत मोडली की विहीर पुन्हा खारट. पहिला पाहुणा पाणी प्यायला की या देण्यातून मी सुटले."

एक थेंबही न सांडता इस्मिनीनं ओंजळ विहिरीपर्यंत नेली. आईनं पाणी चाखलं, ते गोड होतं, पण बांधलेली गाठोडी काही सोडली नाहीत. "एका विहिरीनं काय होणार, बाळा?" ती म्हणाली.

सकाळी त्या दोघी गाठोडी घेऊन धक्क्यावर आल्या, तेवढ्यात एक फुटकी होडी काठाला लागली. तिच्यातून दाढी वाढलेला एक माणूस कसाबसा उतरला.

"नाव बोल!" म्हातारा पहारेकरी ओरडला. माणसानं तोंड उघडलं, पण कोरड्या घशातून शब्द फुटेना. "नाव नाही? मग चल, माघारी फिर!"

"थांबा काका!" इस्मिनी मध्ये शिरली. "आधी पाणी."

तिनं विहिरीतून घागर भरून दिली. तो माणूस प्यायला. पुन्हा प्यायला. मग तिनं हळूच विचारलं, "आता सांगा, तुमचं नाव काय?"

"स्टेलियो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "इथे माझी बायको असते. आणि एक तान्ही मुलगी... इस्मिनी."

आईच्या हातातलं गाठोडं खाली पडलं.

टेकडीवरच्या बागेत संत्र्याचं झाड सोनेरी, केशरी उजेडानं झळाळलं. उजेड पंखांसारखा उलगडला, हलकाहलका होत निळ्या आभाळात विरून गेला. इस्मिनीनं तो पाहिलाच नाही. ती बाबांसाठी दुसरी घागर भरत होती.