खरपुडीचं कुंपण

फार मागे एका माळावर खरपुडी राहायची. गवतातली एवढीशी वेल, पण फुलं यायची ती अगदी कंदिलासारखी. सबंध माळावर तिच्या जातीची ती एकटीच उरली होती.

श्रावणात गावची म्हैस तिथे चरायला यायची. खरपुडी तिला म्हणायची, "जमिनीतून कसंबसं वर यायचं आणि तुझे खूर चुकवत जगायचं. दमले गं मी."

"पोटासाठी फिरते, बाई," म्हैस म्हणायची. "बघून पाय टाकते, तरी पडतो कधी कधी."

पुढे माणसांना कळलं की हे फूल दुर्मीळ आहे. त्यांनी माळाला काटेरी तारेचं कुंपण घातलं. त्या वर्षी खरपुडी निवांतपणे, मनासारखी फुलली.

दुसऱ्या वर्षी मात्र ती वर आली ती अंधारातच. गवत माणसाच्या कमरेला लागलं होतं, आणि गेल्या सालचं वाळकं गवतही तिच्यावर आडवं पडलं होतं.

"जरा सरक रे," ती म्हणाली. "ऊन दिसत नाही."

"कुठे सरकू?" गवत म्हणालं. "मला कुणी खातच नाही. वाढून वाढून मीही थकलोय."

तेवढ्यात कुंपणाबाहेर म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली. खरपुडीनं हाक मारली, "आत ये गं. पाय पडला तरी चालेल."

"कशी येऊ? तार आहे," म्हैस म्हणाली. "तुझ्यासाठीच लावलीय म्हणतात."

तिनं तारेतून मान घातली आणि जीभ पोहोचेल तेवढं गवत खाल्लं. खरपुडी माळाच्या मधोमध होती.