वस्तादांनी चक्र वाढवलं

बाळांनो, आणि मागे बसून मान डोलावणाऱ्या मोठ्या माणसांनो, ऐका. फार फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक गाव होतं. गावात तालीम होती आणि तालमीला एक वस्ताद होते. अंगाने पहाड, पण मनाने अगदी लोणी.

तालमीत नशिबाचं एक चक्र होतं. आकड्यावर पैसा लावायचा, चक्र फिरवायचं. आकडा आला तर तुम्ही जिंकलात, नाही तर पैसा तालमीच्या पेटीत. त्यातून पैलवानांच्या खुराकाचं दूध यायचं. राजाने तसा परवानाच दिला होता.

पण वस्तादांचा जिवाभावाचा मित्र राणोजी कुंभार या चक्राच्या नादी लागला. घरी भट्टी थंड आणि हा दर बाजाराला चक्रापुढे. आधी तांब्याची भांडी गेली, मग बायकोच्या पाटल्या. माती वाहणारं गाढव तेवढं उरलं होतं. वस्तादांना घास गोड लागेना. दूध नको, पण हे चक्र आवरायचं, असं त्यांनी ठरवलं.

आता चक्र आवरायचेसुद्धा नियम होते बरं का. कुणी कुलूप ठोकून पेटीसकट पसार होऊ नये, म्हणून राजाने ते घातले होते. आधी दरबारात लेखी कळवायचं. मग दरबारचा माणूस येणार, त्याच्यासमोर चक्राचा आस तोडायचा, पेटीतलं सगळं गावाच्या कामाला द्यायचं आणि परवाना परत करायचा. तोवर बाजाराच्या दिवशी चक्र चालू ठेवणं भाग होतं.

वस्ताद लिहायला बसले आणि 'बंद' या शब्दापाशी अडले. त्यांच्या घरात नारळ कधी फोडला नाही, वाढवला. बांगडी कधी फुटली नाही, वाढवली. मग तालमीतल्या मारुतीसमोर बसून असलं अशुभ कसं लिहायचं? त्यांनी आपलं लिहिलं, 'येत्या बाजारी आम्ही चक्र वाढवीत आहोत. हुकूम व्हावा.'

दरबारचा कारकून ते वाचून खूश झाला. बाजाराच्या दिवशी बैलगाडी आली. तिच्यात दोन कोरी करकरीत चक्रं आणि वाढीव परवाना. वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. गावाला मात्र आनंदाचं भरतं आलं, आणि राणोजी सगळ्यांच्या पुढे.

वस्ताद तसेच उठून राजधानीला निघाले. दोन दिवस चालले. कारकून बिचारा ओशाळला. नारळ वाढवला म्हटलं तर मला कळतं हो, पण चक्र वाढवलं म्हटल्यावर मी काय समजायचं, असं तो म्हणाला. 

"बंद," वस्ताद म्हणाले. "तालमीचं चक्र बंद. कायमचं."

दरबारचा माणूस त्यांच्याबरोबर गावात आला. तिन्ही आस तुटले, परवाना परत गेला, पेटी गावाच्या विहिरीच्या कामाला लागली. सगळं रीतसर झालं. पण त्या बाजारी, नव्या चक्राच्या मोहाने, राणोजीने गाढव विकून तो पैसाही घालवला होता. आणि पेटी गावाची; त्यातली कवडीसुद्धा एकट्याला देता येत नव्हती.

वस्ताद त्याच्या घरी गेले. राणोजी थंड भट्टीशी बसला होता. तो रागावला नाही, त्याचंच वस्तादांना जास्त लागलं.

"खेळलो मीच," राणोजी म्हणाला. "पण आता माती कशी आणू रे?"

"त्या दिवशी धड एक शब्द लिहिला असता, तर तुझं गाढव दारात असतं," वस्ताद म्हणाले. "माती मी आणतो."

दुसऱ्या दिवसापासून वस्ताद पाठीवर गोणी घेऊन खाणीच्या वाटेला लागले. लोक हसले, हसून दमले. आठवडाभरात राणोजीची भट्टी पेटली.

तात्पर्य: जे थांबवायचं ते थांबवतो असंच म्हणावं; शब्द गोड केला तरी त्याचं ओझं कुणाला तरी वाहावंच लागतं.