बावीस टाके

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. तेव्हा वर्षं मोजायला जे बसले होते, ते कधीच उठून गेले.

एक राज्य होतं. तिथं राजा लढाया पाहायचा आणि राणी घर पाहायची. राजवाड्यातली सगळी मौल्यवान वस्त्रं जिथं ठेवत, त्या जामदारखान्यावर राणीचाच हुकूम चाले. तिथं विणकर होते, शिंपी होते, कशिदा काढणारे होते, आणि अगदी शेवटच्या खिडकीपाशी हौसा नावाची एक रफूगारीण बसत असे.

रफूचं काम मोठं चमत्कारिक. शिंप्यानं अंगरखा शिवला की तो दिसतो. कशिदेकारानं मोर काढला की तो दिसतो. रफू मात्र दिसला की फसला. फाटलेल्या जागी त्याच कापडाचे धागे उभे-आडवे असे विणायचे, की इथं कधी भोक होतं हे मालकालाही आठवू नये. हौसाला हे काम तिच्या बापानं शिकवलं होतं. शिकवताना तो म्हणे, “पोरी, दिसला तो रफू नव्हे. आणि फाटलं कुणाचं, ते कधी बोलायचं नाही.”

हौसानं बापाचं ऐकलं. जरा जास्तच ऐकलं, असं माझं मत आहे.

त्या राज्यात एक रीत होती. खंडेनवमीला सगळे आपापल्या अवजारांची पूजा करत. पूजा झाली की चिटणीस दप्तर घेऊन बसे आणि जामदारखान्यातल्या एकेकाला विचारी, “वर्षभर काय केलंस?” कारागीर जे सांगेल ते तो शब्दन् शब्द लिहून घेई. पदरचं एक अक्षर घालायचं नाही, ऐकलेलं एक अक्षर गाळायचं नाही, अशी त्याला शपथच होती.

त्या दिवशी कशिदेकाराच्या जिभेवर सरस्वती नाचायची. एका साली त्यानं एका शालीच्या कोपऱ्यावर एकच पोपट काढला होता. दप्तरात तो पोपट दीड पानभर उडत होता. हौसाची पाळी आली की ती मात्र मान खाली घाले, सुईशी चाळा करी आणि म्हणे, “काही विशेष नाही. दोन टाके घातले.”

चिटणीस लिही: काही विशेष नाही. दोन टाके घातले.

अशी अकरा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी जामदारखान्याचे म्हातारे प्रमुख थकले आणि काशीला निघून गेले. त्यांच्या जागी कुणाला नेमावं, हे ठरवायला राणीनं सगळ्यांची अकरा वर्षांची दप्तरं एकत्र वाचून घेतली. कशिदेकाराचं दप्तर संपायला दोन दिवस लागले. हौसाचं पानावर बोट टेकवेपर्यंत संपलं.

“अकरा वर्षांत बावीस टाके?” राणी म्हणाली. “एवढे तर मी विडा चघळता चघळता घालीन. आपल्याकडची वस्त्रं फाटतच नसतील, तर रफूची जागा हवी कशाला? दसरा झाला की ती खिडकी कशिदेकाराला द्या. आणि प्रमुखही बहुतेक तोच होईल.”

ही बातमी हौसाला दिली ती ठकूमावशीनं. ठकूमावशी ही राजवाड्याची परटीण. राज्यातल्या मोठ्यातल्या मोठ्या माणसाचं फाटकं तिला ठाऊक होतं, कारण ते सगळं तिच्या हातून धुऊन निघायचं.

हौसा नदीकाठच्या दगडावर मटकन बसली. आधी तिला लाज वाटली. मग राग आला. गंमत अशी की राग नेमका कुणावर काढावा हेच तिला कळेना. राणीनं वाचलं ते बरोबर होतं. चिटणीसानं लिहिलं तेही बरोबर होतं.

“मावशी, ती प्रमुखाची जागा माझी होती गं,” ती शेवटी म्हणाली. “कुठलं वस्त्र कशानं झिजतं, कुठलं उन्हाला भितं, कुठलं दमटपणाला, हे माझ्याइतकं त्या घरात कुणालाच कळत नाही.”

“मग हे दप्तरात का नाही सांगितलंस?”

“आपल्याच तोंडानं आपलं कौतुक? काम चांगलं असलं की लोकांना आपोआप दिसतं.”

ठकूमावशीनं हातातलं धुणं दगडावर असं आपटलं, की दोघींच्या तोंडावर पाणी उडालं. “तुझं काम दिसत नाही, हेच तर तुझं काम! ते आपोआप कुणाला दिसणार? अगं, बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. खंडेनवमीला आठ दिवस आहेत. बोलायला शीक.”

“मावशी, दुसरी एक वाट आहे,” हौसा हळूच म्हणाली. “राणीसाहेबांचा दसऱ्याचा शालू विरलाय, दासीनं तो परस्पर माझ्याकडे दिलाय. मी हात लावलाच नाही, आणि भर दरबारात तो फाटला, तर सगळ्यांना कळेल रफू काय असतो ते.”

“कळेल. आणि उद्या तुझ्या हाती कुणी रुमालही देणार नाही.”

हौसाचे कान लाल झाले. त्याच दुपारी तिनं तो शालू दुरुस्त करून पाठवून दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून नदीवर बोलण्याची तालीम सुरू झाली.

ठकूमावशी विचारी, “काय केलंस?”

“थोडंफार रफूचं...”

“थोडंफार म्हणजे किती?” धुणं दगडावर आपटे. “पुन्हा.”

“जमेल तसं...”

“जमेल तसं की जमलं तसं? पुन्हा!”

तीन दिवस असे भिजण्यात गेले. मग दोघींनी मिळून आठवायला घेतलं. मावशीला डाग आठवत, हौसाला भोकं. कुठलं वस्त्र, केवढं फाटलं होतं, कशानं, किती दिवस लागले. कोळशाच्या तुकड्यानं त्या दगडावर एकेक रेघ ओढत गेल्या. सगळं जुळवून पाहिलं तेव्हा वस्त्रं निघाली चौऱ्याऐंशी. हौसा त्या रेघांकडे बघतच राहिली. हे आपण केलं? अकरा वर्षं तीही आपलं काम दोनच टाक्यांचं समजत आली होती.

खंडेनवमी आली. चौकात सुया, कात्र्या, माग, करवती, सगळ्यांवर झेंडूची फुलं पडली. प्रमुख नेमायचा होता म्हणून त्या वर्षी स्वतः राणी येऊन बसली. कशिदेकार उभा राहिला आणि त्यानं आपल्या सूर्यफुलांचं असं वर्णन केलं, की दोन शिंपी खरा सूर्य सोडून त्याच्याकडेच तोंड वळवून बसले.

मग चिटणीस म्हणाला, “हौसा, तुझं काय गं? दोन टाकेच ना? लिहू?”

चौकात हशा पिकला. हौसाच्या जिभेवर जुनंच वाक्य आलं. “काही वि...” एवढं ती बोललीसुद्धा. लोकांमागे उभ्या असलेल्या ठकूमावशीचे डोळे तिला दिसले. तिनं श्वास घेतला आणि मान वर केली.

“लिहू नका, चिटणीसकाका. आधी मागचं खोडा, ते चुकीचं आहे. अकरा वर्षांत मी चौऱ्याऐंशी वस्त्रं वाचवली. त्यांतली नऊ अशी होती, की शिंप्यांनी ती चिंध्यांत टाकली होती. कुणाची ती विचारू नका, ते सांगणं हा माझ्या कामाचा धर्म नाही. त्यातलं एकही वस्त्र पुन्हा त्या जागी फाटलेलं नाही. आणि राणीसाहेब, जामदारखान्याच्या प्रमुखाची जागा मला मिळावी. मी तिला लायक आहे.”

हशा थांबला.

कशिदेकार हसून म्हणाला, “चौऱ्याऐंशी काय, आठशे सांग! फाटलेलं एकही दिसत नाही, मग पुरावा कुठला?”

“बरोबर बोललात,” हौसा म्हणाली. “झालेलं दिसत नाही. होताना तर दिसेल ना? एखादं वस्त्र फाडा.”

कुणी पुढे येईना. तेव्हा राणीनंच आपल्या खांद्यावरचा रेशमी शेला काढला आणि टर्रकन वीतभर फाडला. चिटणीसानं डोळे मिटून घेतले.

हौसा चौकाच्या मधोमध बसली. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं बोलत बोलत रफू केला. “हा धागा शेल्याच्या काठाच्या आतून काढला, म्हणजे रंग तोच, वयही तेच. नवा धागा घातला असता तर त्यानं जुन्याला ओढून पुन्हा फाडलं असतं. आता उभे धागे. आता आडवा, एकाच्या वरून, एकाच्या खालून.” ज्या माणसांनी अकरा वर्षं तिच्या खिडकीवरून जा-ये केली होती, ती माना पुढे काढून बसली. दुपार कलली तेव्हा तिनं शेला राणीच्या हाती दिला. राणीनं तो उजेडात धरला, बोटांनी चाचपला, चिटणीसाला दिला, कशिदेकाराला दिला. कुणालाच जागा सापडली नाही. कशिदेकार दिलखुलास माणूस खरा, तो म्हणाला, “बाई, हे मला सात जन्मांत जमणार नाही.”

सगळ्यांना वाटलं, आता राणी शाबासकी देणार. राणीचा चेहरा मात्र कठोर होता.

“चौऱ्याऐंशी वस्त्रं फाटली कशानं?”

“काही खिळ्याला अडकून, काही धूपदाणीच्या ठिणगीनं,” हौसा म्हणाली. “आणि साठावर तर कसरीच्या किड्यांनी खाल्लेली होती. जुन्या पेट्यांत कसर लागलीय, राणीसाहेब. फार वर्षं झाली.”

“आणि मला हे आज कळतंय!” राणी उठून उभी राहिली. “दरवर्षी मी दप्तर वाचते. दरवर्षी त्यात असतं, काही विशेष नाही. मी समजले, पेट्या ठीक आहेत. त्यांना ऊन दाखवायचा हुकूम मी कधी दिलाच नाही. तू भोकं झाकलीस, आणि त्यांच्याबरोबर कसरही झाकलीस.”

“मी नम्रपणानं तसं म्हणत होते,” हौसा पुटपुटली.

“बढाई मारणारा मला कळतो. त्याच्या बोलण्यातलं निम्मं मी वजा करते आणि उरलेलं खरं धरते. तुझ्या बोलण्यात मी किती मिळवायचं, हे मला कोण सांगणार होतं?”

राणीनं कशिदेकाराच्या हातून शेला परत घेऊन खांद्यावर टाकला.

“आज तू मागितलंस, आणि मागितलंस ते करूनही दाखवलंस. म्हणून जामदारखाना आजपासून तुझा. रफू दिसायला नको, हे खरं. रफूगारीण दिसायला हवी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसानं जामदारखान्याच्या किल्ल्या घेतल्या आणि सगळ्या पेट्या अंगणात उन्हात काढल्या. कडुनिंबाचा पाला आणवला. विणकर, शिंपी, कशिदेकार, सगळे हाताखाली राबले. कशिदेकार खाली मान घालून म्हणाला, “माझी जागा राहील ना?” हौसा म्हणाली, “राहील की. तुमचा पोपट खरंच सुंदर आहे. फक्त त्याला अर्ध्या पानात बसवा.”

सगळ्यात खालची पेटी शेवटी उघडली. तिच्यात या घराण्याच्या मूळ पुरुषाचा फेटा होता. सात पिढ्यांत तो कुणी डोक्याला लावला नव्हता, फक्त जपला होता. हौसानं दोन्ही हातांनी तो अलगद उचलला. बोटं लागताच त्याची भुकटी झाली. जिथं धागाच उरला नाही, तिथं सुई काय करणार?

ती ओंजळ घेऊन हौसा उन्हात उभी राहिली. ही पेटी दोन वर्षांपूर्वी उघडली असती, तरी तिनं हा फेटा वाचवला असता. तिला ते पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला रडू आवरेना. कशिदेकार म्हणाला, “बाई, हे आधीच गेलेलं होतं. कुणाला कळणार आहे? पेटी मिटून टाका.”

हौसानं डोळे पुसले. ती ओंजळ तशीच धरून ती थेट राणीच्या महालात गेली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, “राणीसाहेब, चौऱ्याऐंशी वस्त्रं माझ्या सुईनं राहिली. हे एक माझ्या गप्प बसण्यानं गेलं. दोन्ही लिहून घ्या.”

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: केल्याहून जास्त सांगणं ही जशी बढाई, तसं केल्याहून कमी सांगणं हेही खोटंच, आणि त्याची किंमत एकट्या आपल्यालाच मोजावी लागत नाही.