पोशव्वाचा एक शब्द

तेलंगणापासून तीन दिवसांच्या वाटेवर एक गाव होतं. तिथे हैबतराव नावाचा पाटील होता. न्याय करावा तर हैबतरावानेच, असं दहा गावांतली माणसं म्हणत. हैबतराव ते मान खाली घालून ऐके, पण एक शब्दही सुटू देत नसे.

त्याच गावात सटवाजीचा तेलाचा घाणा होता. तेल चोख, माणूस वाईट. त्याची पहिली बायको माहेरी गेली ती परत आली नाही, आणि मग जवळपासच्या कुठल्याच गावातून त्याला कोणी मुलगी देईना. सटवाजी बैलांच्या खरेदीसाठी वर्षानुवर्षं तेलंगणात जात असे. एका खेपेला तो बैलाबरोबर बायकोही घेऊन आला. तिचं नाव पोशव्वा. गावाने मात्र ते कधी विचारलं नाही. सगळे तिला तेलंगीणच म्हणत.

पोशव्वाला मराठी येत नव्हतं. पाणी, भाकरी, बैल, पेंड हे चार शब्द ती शिकली. पाचवा शिकवणार कोण? सटवाजी तिला पाणवठ्यावर बायकांत थांबू देत नसे, आणि बायकांनाही तिच्यावाचून काही अडलं नव्हतं.

सटवाजी तिला मारायचा. कधी हाताने, कधी बैलाच्या चाबकाने. मार बसू लागला की ती ओरडायची, "चालु, चालु." आवाज रस्त्यापर्यंत यायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, घाणा चालू आहे असं सांगते आहे बिचारी. काही बाया तर ते ऐकून घरी वळत आणि तेलाची बुधली घेऊन येत. ऐकताना हसू येतं खरं, पण ते फार वेळ टिकणार नाही.

एके दिवशी भर सकाळी पोशव्वा धावत चावडीवर आली. ओठ फुटला होता, एक डोळा सुजून मिटला होता. पाटलासमोर ती गुडघ्यांवर बसली, हात जोडले आणि म्हणाली, "चालु. चालु."

पाटलाने विचारलं, काय झालं? ती तेच म्हणाली. पंचांनी विचारलं, कोणी मारलं? ती तेच म्हणाली. इतक्यात सटवाजी तिच्यामागून येऊन पोहोचला. त्याला पाहून पाटलाला बरं वाटलं, कारण तेलुगू समजणारा गावात तो एकटाच होता.

"काय म्हणती रे ही?" पाटलाने विचारलं.

सटवाजी नम्रपणे म्हणाला, "पाटील, ती म्हणती, घरात भांडण झालं खरं. पण संसार आहे तसा चालू राहू द्या."

पंचांनी माना डोलावल्या. पोरगी परमुलखातली असून किती समजूतदार, असं एकजण म्हणाला. पाटलाला तर गहिवरून आलं. त्याने सटवाजीला चार शब्द सुनावले, पोशव्वाला चोळीचा खण दिला आणि दोघांना घरी पाठवलं. ती निघेना, तेव्हा सटवाजीने तिचा दंड धरला. सासरी जाताना पोरी जरा अडतातच, असं म्हणून पंच पान खाऊ लागले. त्यानंतर पोशव्वा चावडीवर पुन्हा आली नाही. सगळं सुरळीत झालं, असं पाटील धरून चालला.

तीन महिन्यांनी पाटलाला तेलंगणातल्या एका मित्राकडून लग्नाचं बोलावणं आलं. जेवणाची पंगत बसली. पाटलाच्या शेजारी एक म्हातारा होता. वाढपी भात वाढत होता तेवढ्यात म्हाताऱ्याने पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले आणि म्हटलं, "चालु, चालु." वाढपी लगेच थांबला.

पाटील हसला. तो मित्राला म्हणाला, हे चालू म्हणताहेत आणि तुमचा माणूस थांबतो कसा?

मित्रही हसला. "अहो, आमच्याकडं चालु म्हणजे पुरे. बास. आता नको."

पाटलाचा घास हातातच राहिला. सुजलेला डोळा आणि जोडलेले हात त्याच्या नजरेपुढे आले. मार खाणारी काय म्हणते आहे, हे आपण मारणाऱ्याला विचारलं, हे त्याला तिथे पंगतीत बसून कळलं. पाटील जेवला नाही.

त्याने मित्राला सगळं सांगितलं. मित्राची विधवा बहीण नरसव्वा लहानपणी मराठी मुलखात वाढलेली, तिला दोन्ही भाषा येत. ती म्हणाली, मी येते तुमच्याबरोबर. त्याच दिवशी गाडी जोडली.

दोन दिवस पाटलाने बैलांना दम घेऊ दिला नाही. पण गाव जवळ आलं तसा तो गाडी सावकाश हाकायला सांगू लागला. तीस वर्षांचं नाव होतं. गावात अजून कोणाला काही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी गाव अर्ध्या दिवसावर राहिलं असताना त्याने एका देवळापाशी गाडी सोडली आणि आज इथेच मुक्काम, असं गाडीवानाला सांगितलं.

नरसव्वाने कारण विचारलं. पाटील म्हणाला, "आज गावात बाजार आहे. चार गावची माणसं जमलेली असतील. उद्या शांतपणे सटवाजीला घरी बोलावतो आणि समज देतो. उगाच बोभाटा नको."

"ती आज त्याच्या घरात आहे, पाटील," नरसव्वा म्हणाली.

पाटलाने बैलांपुढे वैरण टाकली. तो दिवस तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी ते घाण्यावर पोहोचले. पोशव्वा पेंडीच्या पोत्यांना टेकून बसली होती. नरसव्वाने दारातूनच तिला तिच्या भाषेत हाक मारली. ती गावात आल्यापासूनच्या दीड वर्षात त्या भाषेत मारलेली ती पहिली मायेची हाक होती. पोशव्वाने वर पाहिलं नाही. नरसव्वाने नाव घेऊन पुन्हा हाक मारली, तरी नाही. दोघी समोरासमोर आल्या तेव्हा कुठे ती दचकली. वैद्याला बोलावलं. त्याने तपासलं आणि सांगितलं की दोन्ही कानांचे पडदे फाटलेत, तिला आता ऐकू येणार नाही.

"केव्हाचा मार आहे?" पाटलाने विचारलं.

"कालचा," वैद्य म्हणाला. हा शब्द पाटलाला नीट कळला.

पाटलाने दवंडी पिटून गाव गोळा केलं आणि चावडीवर उभं राहून सगळं सांगितलं. तेलुगूतला शब्द सांगितला, सटवाजीचं खोटं सांगितलं, आपला न्याय सांगितला. देवळापाशी काढलेला दिवसही त्याने लपवला नाही. माणसं चुळबुळ करू लागली. आम्हाला तरी तिची भाषा कुठे येत होती, असं कोणीतरी पुटपुटलं.

नरसव्वा तिथेच उभी होती. ती म्हणाली, "भाषा नव्हती येत. रडणं पण येत नव्हतं का ओळखू?"

सटवाजीला बांधून किल्लेदाराच्या स्वाधीन केलं. पोशव्वाला पाटलीणबाईने आपल्या घरात घेतलं आणि तिच्या सोबतीला नरसव्वा राहिली. पाटलाने नियम केला की परमुलखातली कोणीही बाई चावडीवर आली, तर तिची भाषा जाणणारं माणूस कितीही लांबून आणायचं, तोवर तिला घरी धाडायचं नाही, आणि जिच्या अंगावर वळ आहेत तिच्या वतीने तिच्या नवऱ्याला बोलू द्यायचं नाही. नियम चांगला होता. शेजारच्या गावांनीही तो उचलला. पुढे त्या नियमामुळे काही बायका वाचल्या. पोशव्वाचे कान काही परत आले नाहीत.

एक गोष्ट मात्र पाटलाच्या मनातून जाईना. क्षमा मागायला तुमच्याकडे काय म्हणतात, असं त्याने नरसव्वाला विचारलं. तिने सांगितलं. शब्द सोपा होता, आपल्या शब्दाच्या अगदी जवळचा. पाटलाने तो पुन्हा पुन्हा घोकला. मग तो ओसरीवर पोशव्वासमोर जाऊन बसला, वाकला आणि म्हणाला, "क्षमिंचम्मा."

पोशव्वाला फक्त एवढंच दिसलं की एक पुरुष आपल्या अंगावर झुकला आहे आणि त्याचं तोंड हलतं आहे. तिने झटकन दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून अंग चोरलं.

तात्पर्य: परक्या मुलखातली बाई मार खाऊन दारात उभी राहिली, तर तिचं म्हणणं मारणाऱ्याला विचारू नये. तिला त्याच क्षणी आसरा द्यावा. आपल्या अब्रूसाठी घालवलेला एक दिवस तिला भोगावा लागतो, आणि मग मागितलेली क्षमा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.