पेटीशी बोलणारी

"म्हणजे आईला वेड लागलंय. असंच ना?" मठातल्या बाबांनी विचारलं.

रवळनाथाला तो शब्द खटकला. पण दुसरा पटकन सुचेना.

"वेड नाही बाबा... भ्रम. म्हातारपणी होतो. कुणी भिंतीशी बोलतं, कुणी भांड्यांशी. ही पेटीशी बोलते."

बाबा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. फोडत राहिले.

मठ टेकडीवर होता. खाली गाव, गावात रवळनाथाचं घर, आणि घरात त्याची आई यशोदाक्का. एकटी. रवळनाथ पुण्याला असे. लहानपणी तो या मठात झाडलोट करायला यायचा, तेव्हापासून बाबांना गुरू मानत आला होता. गावी आला की आधी मठ, मग घर. हा त्याचा नेम होता, आणि या नेमाचा त्याला अभिमान होता. आजही एसटीतून उतरला तो सरळ टेकडी चढून वर आला होता.

पोटासाठी तो विम्याच्या कचेरीत काम करी. जीव मात्र कॉम्प्युटरात. भंगारवाल्याकडून बंद पडलेली यंत्रं आणायची, खोलायची, दोनांचं एक करायचं. ते चालू झालं की लेकराकडं बघावं तसं बघत बसायचं. बायको म्हणायची, या घरात माणसांपेक्षा वायरी जास्त आहेत. त्याला ती स्तुती वाटायची.

वडील गेल्यावर त्याने आईला पुण्याला चल म्हटलं. ती तयार होईना. मग त्याने आपल्या हाताने एक पेटी बनवली. चहाच्या डब्याएवढी. आत तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर, पुढच्या अंगाला जुन्या मोबाइलचा कॅमेरा आणि माइक, बाजूला स्पीकर. माजघरातल्या फळीवर ती ठेवली. घरात काही हललं की पुण्यात त्याचा फोन वाजे, आणि फोनवर घर दिसे. संध्याकाळी गोळीची वेळ झाली की पेटी आईला आठवण करून देई. सुरुवातीला मांजर फिरलं तरी फोन वाजायचा. मग मांजर कोणतं आणि माणूस कोणतं, हे त्याने पेटीला शिकवलं.

हे सगळं बाबांना माहीत होतं. तरी त्याने पुन्हा सांगितलं. मांजराचं तर जरा खुलवूनच सांगितलं.

"मांजर ओळखते?" बाबांनी विचारलं.

"ओळखते."

"बरं आहे."

ही शाबासकी की आणखी काही, ते रवळनाथाला कळलं नाही. तो मूळ गोष्टीवर आला.

दिवाळीपासून हे चाललं होतं. दिवेलागणीला आई तोंड धुते, केस विंचरते, चांगलं लुगडं नेसते आणि पेटीपुढं पाट ओढून बसते. मग बोलत सुटते. हातवारे करते. हसते. मध्येच कान लावून थांबते, मान हलवते, पुन्हा बोलते. तो पुण्यात बसून हे बघायचा. आधी त्याला वाटलं, कॅमेऱ्यात बिघाड आहे, जुनंच चित्र पुन्हा पुन्हा दिसतंय. त्याने सगळं तपासलं. पेटीत कसलाच बिघाड नव्हता. मग बिघाड आईत आहे, असं त्याने ठरवलं.

शहरात अशा म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक जागा होती. चांगली होती. तिथं त्याने नाव घातलं होतं. उद्या सकाळी गाडी यायची होती. आज फक्त बाबांची आज्ञा घ्यायची होती.

"तिला सांगितलंस?"

"सांगून तिला कळणार नाही बाबा."

बाबांनी टरफलं फुंकून उडवली.

"आल्या आल्या समाधीपुढं बराच वेळ बसला होतास."

मठात बाबांच्या गुरूंची समाधी होती. आलेला माणूस तिथं आपलं गाऱ्हाणं घाली.

"हो. मन मोकळं केलं."

"समाधी काय म्हणाली?"

रवळनाथ हसला. "समाधी कशी बोलेल?"

"मग मान कशाला हलवत होतास?"

रवळनाथाने समाधीकडं वळून पाहिलं.

"उद्या गाडी येतेच आहे," बाबा म्हणाले. "दोघांना जागा होते का बघ."

रवळनाथाचे कान तापले. चाळिशी उलटलेला माणूस, आणि बाबा त्याला पोरासारखं बोलत होते. तो म्हणाला, समाधीची गोष्ट वेगळी, तिथं श्रद्धा आहे. इथं पत्र्याचा डबा आहे. तो मी बनवलाय, त्यात काय आहे ते मला माहीत आहे.

"सगळं माहीत आहे?"

"तारन्‌तार."

खाली गावात दिवे लागायला सुरुवात झाली होती. रवळनाथाच्या खिशात फोन थरथरला. त्याने काढून पाहिलं आणि बाबांपुढं धरला.

"ही बघा, बसली. आता तुमच्याच डोळ्यांनी बघा."

बाबांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. यशोदाक्का पाटावर बसली होती. केस चापून अंबाडा घातला होता. ती हाताने काहीतरी उंच दाखवत होती आणि बोलत होती.

"ओठ हलतात," बाबा म्हणाले. "आवाज?"

"बंद ठेवलाय. मिक्सर, टीव्ही, शेजारच्या बायका... नुसता कलकलाट यायचा."

"तिचाही बंद?"

"सगळ्यांचा मिळून एकच येतो. तिचा वेगळा काढत बसणं अवघड आहे."

"मांजर वेगळं काढलंस."

रवळनाथाने फोन परत घेतला. बोट काचेवर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

आवाज आला.

यशोदाक्का पडवीच्या पत्र्याचं सांगत होती. वाऱ्याने उचकटला होता, पुतण्याने येऊन ठोकून दिला. काळी कोंबडी खुडुक बसली आहे. गुडघा जरा बरा आहे, पण मठाची चढण आता होणार नाही, तू गेलास की बाबांना माझा नमस्कार सांग. तुझा खोकला गेला का, मध काढून ठेवलाय, येशील तेव्हा ने. एकेक गोष्ट ती सवडीने सांगत होती. भ्रमिष्ट माणसाचं बोलणं तुटतं. हे कुठं तुटत नव्हतं.

मग पेटी बोलली.

"आई, गोळी घेतलीस का?"

बाबांनी वर पाहिलं. "हा कोण?"

"पेटी."

"आवाज कुणाचा?"

रवळनाथाने ओठांवरून जीभ फिरवली.

"...माझा. बनवताना एकदा भरला होता. म्हटलं, अनोळखी आवाजाला ती बिचकेल. म्हणून..."

पेटीत तारेला तार कशी जोडली आहे ते तो झोपेत सांगू शकला असता. रोज संध्याकाळी त्या अंधाऱ्या माजघरात आईला हाक कोण मारतं, हे मात्र तो विसरून गेला होता.

"घेतली रं बाळा," फोनमधून यशोदाक्का म्हणाली. "तू जेवलास का?"

पेटी गप्प.

म्हातारी पुढं झुकली. कान लावला. थांबली. तोंडावरचं हसू तिने तसंच ठेवलं होतं, पाहुण्यापुढं ठेवावं तसं. मग तिने आपणच मान हलवली.

"असू दे. कामात असशील. बोलू नको. रोज एवढं विचारतोस, तेवढं पुरे आहे मला."

रवळनाथाने फोन पालथा केला. तरी आवाज येतच होता. कोंबडीचं पुन्हा निघालं होतं.

आजवर अडलं की तो बाबांना विचारत आला होता. आताही त्याने तेच केलं.

"बाबा... मी आता काय करू?"

बाबांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून उठले. ओट्याखाली रवळनाथाच्या चपला होत्या. बाबा वाकले, दोन्ही चपला हातात घेतल्या आणि पायऱ्यांकडं तोंड करून मांडल्या.

रवळनाथ ताडकन उठला. गुरूच्या हातात आपल्या चपला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, हे काय करता..."

बाबांनी हात झटकले.

"मला काय विचारतोस? ती अजून बसलीय."