पन्नासचं माप

“बुवा, ‘पन्नास’ लिहू की ‘योग्य’?”

यशोधन शिंत्रेने पुन्हा विचारलं.

मापाडीबुवा भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. शेंग फुटली. दोन दाणे निघाले. एक त्यांनी तोंडात टाकला, दुसरा पाराच्या कडेला ठेवला. लिंबावरून खार उतरली, दाणा उचलून पळाली.



यशोधन हा भुसार पेठेतल्या शिंत्रे मास्तरांचा मुलगा. कामगारांच्या हक्कांचा कायदा शिकायला सातासमुद्रापलीकडे गेला होता. परतताना दोन गोष्टी घेऊन आला. माणसानं माणसाला बैलासारखं राबवू नये ही तळमळ, आणि चांगलं वाढलेलं पोट. तळमळीबद्दल तो दिवसभर बोलायचा. पोटाबद्दल कुणी बोललेलं त्याला चालायचं नाही.

आता तो नगरपालिकेला अपक्ष उभा होता. पेठेतले गाळे पालिकेचे, अडते तिथले भाडेकरू. मग भाडेकरारातच कलम घालायचं, अशी त्याची युक्ती होती. हमालांना बसायला सावली, धान्य चाळणाऱ्या बायकांना स्वच्छतागृह, आठवड्याची हक्काची सुट्टी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पन्नास किलोच्या वर एकही पोतं हमालाच्या पाठीवर चढणार नाही.

पेठेत पोतं क्विंटलाचं असतं. उचलणारा हमाल बहुतेक वेळा त्याच्याहून हलका असतो.

सावलीला कुणी हरकत घेतली नव्हती. सुट्टीवर थोडी कुरकुर झाली होती. पण पन्नास म्हणताच अडत्यांचे पुढारी बाबूशेठ मगदूम स्वतः घरी आले होते. पोती दुप्पट झाली की हमालीही दुप्पट, हे त्यांना बोटांवर न मोजता कळलं होतं.

“यशोधनराव,” ते चहा बशीत ओतत म्हणाले होते, “‘योग्य वजन’ असं लिहा की. किती भारदस्त शब्द आहे! अख्खी पेठ तुमच्या मागं उभी करतो.”

आणि अख्खी पेठ मागं उभी राहिल्याशिवाय निवडणूक जिंकता येत नव्हती. न जिंकता सावलीसुद्धा देता येत नव्हती.

या एका शब्दापायी जाहीरनामा छापखान्यात अडून बसला होता. म्हणून यशोधन बुवांकडे आला होता.

बुवा पूर्वी याच पेठेत मापाडी होते. मोठ्या तराजूवर धान्य तोलायचे. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तराजू भंगारात गेला. बुवांनी त्यातलं वजनाचं एक लोखंडी माप मागून घेतलं, मारुतीच्या पाराशी आणून ठेवलं, त्यावर फडकं टाकलं आणि बसले. ते आजवर बसलेच होते. लोक त्यांना काहीबाही विचारायला यायचे. बुवा बहुधा काही सांगायचे नाहीत. लोक समाधानानं घरी जायचे.

“बुवा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“असंल बाबा.”

“तुम्ही काहीतरी बोला…”

बुवा उठले. बुडाखालचं फडकं काढून झटकलं.

“हे माप कितीचं?”

“पन्नासचं. कडेला कोरलंय की.”

“व्हय की. आणि ‘योग्य’चं कुठं ठेवलंय बघ जरा. पाराखाली असंल.”

यशोधन खरंच गुडघे टेकून पाराखालच्या कोनाड्यात बघू लागला. लांबचं शिक्षण घेतलेली माणसं अशी आज्ञाधारक असतात. तिथं एक फुटकी पणती होती आणि एक कुत्रं झोपलं होतं. कुत्र्यानं एक डोळा उघडला, उमेदवार पाहिला आणि मिटून घेतला.

“नाही दिसत, बुवा.”

“मग बाबूशेठकडं असंल,” म्हणत बुवा पुन्हा मापावर बसले.

यशोधन तसाच गुडघ्यांवर राहिला… मग ताडकन उठला आणि छापखान्याला फोन लावला.

“पन्नास घाल! आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही!”

तेवढ्यात ताशा कडाडला.

हमालांचा मुकादम बिरापा पुढे, मागे त्याची टोळी, आणि त्यांच्या मागे काय होतंय ते बघायला आलेली पेठ. बाबूशेठही आले होते, दुरून, छत्री उघडून.

“चला दादा,” बिरापा म्हणाला, “नारळ फोडा आन् बसा खांद्यावर.”

पेठेचा रिवाज जुना होता. उमेदवारानं मारुतीपुढं नारळ फोडायचा आणि तिथून वेशीपर्यंत हमालांच्या खांद्यावरून जायचं. पायांनी गेला तो हरला, असा लोकांचा पक्का अनुभव. मागे एक वकीलसाहेब उंचीची भीती वाटते म्हणून चालत गेले होते. त्यांना घरातली मतंसुद्धा पुरी मिळाली नाहीत म्हणतात.

यशोधननं नारळ फोडला. गळ्यात झेंडूचा जाडजूड हार पडला. बिरापा उकिडवा बसला, यशोधन त्याच्या खांद्यावर चढला, चौघांनी आजूबाजूनं टेकू दिला आणि बिरापा ‘मारुतीराया’ म्हणत उभा राहिला.

वरून जग फार सुंदर दिसत होतं. यशोधनला राहवलं नाही.

“बांधवांनो! शतकानुशतकं तुमच्या पाठीवर लादलेलं ओझं आज आपण उतरवणार आहोत! यापुढं पन्नास किलोच्या वर कुणाच्याही खांद्यावर…”

“दादा,” खालून आवाज आला, “वाईच डावीकडं सरका. मान गेली.”

पेठ फिदीफिदी हसली.

बाबूशेठांनी छत्री मिटली. त्यांना आता सावलीची गरज राहिली नव्हती.

“यशोधनराव, एक विचारू? तुमचं स्वतःचं वजन किती?”

“हा खासगी प्रश्न आहे!”

“अहो, पोत्याचं तर छापायला सांगताय.”

यशोधनचा चेहरा गुलालाशिवाय लाल झाला.

“वाटून घीऊ की, शेठ!” बिरापा धापा टाकत म्हणाला. “एक तंगडी माझ्याकडं, एक गंगाप्पाकडं. अर्धं अर्धं. बसतंय की कायद्यात.”

ही तोड यशोधनला एकदम पटली. टोळीतल्या गंगाप्पानं शेजारी येऊन डावी मांडी आपल्या खांद्यावर घेतली. उमेदवार दोन माणसांवर नीट विभागला गेला.

“हारासकट बसतंय का?” बाबूशेठ.

यशोधननं हार काढून खाली दिला.

“बुटांसकट?”

बूट काढले.

“आणि सकाळी शिरा खाल्लाय तो?”

आता ताशावाल्यालाही हसू आवरेना. त्याची टिपरी हातातून निसटली.

पण कायद्याच्या शिक्षणाचा एक गुण असतो. माणूस कितीही उंचावर अडकलेला असला तरी त्याला पळवाट दिसते. यशोधननं खांद्यावरूनच पुन्हा छापखान्याला फोन लावला.

“ते पन्नासचं कलम आहे ना? त्याच्यापुढं कंसात घाल… ‘उमेदवार वगळून’.”

मग बाबूशेठांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून.

“वा, वा! आता तुमचं आमचं जमलं. वगळायचंच ठरलं तर साखर वगळा, ती साली आधीपासूनच मोठ्या पोत्यात येते. गूळ वगळा, तो ओला असतो. सणासुदीचा माल वगळा, तेव्हा घाई असते. आणि पावसाळा वगळा. कंस तेवढा जरा मोठा करा, यशोधनराव. आम्हीही त्यात बसू.”

बिरापानं फक्त खांदा बदलला.

तो हलला म्हणून यशोधननं खाली पाहिलं. बिरापाच्या मानेशी, जिथून आता मांडी सरकली होती, तिथं मूठभर घट्टा उठला होता. बैलाच्या मानेवर जू घासून उठतो, तसा. यशोधननं कामगारांच्या शरीरावर होणाऱ्या परिणामांवर एक अख्खा निबंध लिहिला होता. त्याला चांगले गुण मिळाले होते. पण हे त्यानं पाहिलं नव्हतं. पाहायला इतक्या वर चढावं लागेल, हे कुणी शिकवलं नव्हतं.

“उतरवा मला,” तो म्हणाला.

“आं?”

“उतरवा. मी चालत जाणार.”

हसू थांबलं. बिरापानं त्याला खाली ठेवलं, पण मोठ्या नाराजीनं. एखादं पोतं फाटकं निघालं म्हणून परत लावावं, तसं.

“का वो दादा? आमच्या खांद्यात काय खोट घावली?”

“खोट माझ्यात आहे, बिरापा. मी पन्नासच्या वर आहे. बराच वर आहे…”

“ते आमास्नी चढतानाच कळलं की! आमी काय बोललो का? चालत गेलासा तर पडशीला. मग ते पन्नास कोन आननार? बाबूशेठ?”

गंगाप्पानंही मान डोलावली. “दिसभर क्विंटल वाहतोय आमी. एक दीस तुमास्नी वाहिलं तर काय मरतोय व्हय?”

त्यांचं खरं होतं. आपलं खरं होतं. बाबूशेठ तर दोन्ही खऱ्यांवर छत्री टेकून निवांत उभे होते.

तो अनवाणीच पाराकडे धावला.

“बुवा, खांद्यावर बसलो तर वचन मोडतं. चाललो तर निवडणूक जाते, आणि निवडणूक गेली की वचनही जातं. करू काय मी?”

बुवा टरफलं गोळा करत होते.

“बुवा…”

“बिरापा,” बुवांनी हाक मारली. “मूळ रिवाज काय हाय रं आपला?”

“हितनं निघाल्याला खांदा रिकामा येस वलांडत न्हाई, बुवा.”

“खांदा रिकामा नको. एवढंच ना?”

“एवढंच.”

बुवा उठले. फडकं काढलं, झटकलं, घडी करून बगलेत मारलं.

“मग हे न्या.”

सगळे त्या मापाकडे बघत राहिले. काळं, गोल, कडी गंजलेली, इतक्या वर्षांच्या बसण्यानं वरून गुळगुळीत झालेलं…

बिरापा पुढे आला. त्यानं कडीत बोटं घातली, झोका दिला आणि माप खांद्यावर घेतलं. मग थबकला. पुढच्या वजनाची वाट बघितल्यासारखा.

“संपलं?” त्यानं विचारलं.

“संपलं,” बुवा म्हणाले.

गंगाप्पानं यशोधनचा हार उचलून मापाच्या कडीत अडकवला. कुणीतरी गुलाल फेकला. ताशावाल्याला टिपरी सापडली आणि बिरापा निघाला. कमरेत वाकून, जमिनीकडे बघत चालायचं, ही त्याची आयुष्यभराची चाल. दोन पावलं तो तसाच गेला. मग त्याला कळलं की वाकायचं काही कारणच नाही.

तो ताठ झाला.

धान्य चाळणाऱ्या बायका चाळण्या टाकून ओट्यावर आल्या होत्या. त्यातली एक तोंडावर हात ठेवून म्हणाली,

“आगं बया! बिरापा येवढा उंच हाय व्हय?”

पुढच्याच गाळ्यापाशी गंगाप्पानं माप मागून घेतलं. मग तिसऱ्यानं. ज्याच्या खांद्यावर जाई तो हसायचा, आणि देताना कुरकुरायचा. नवसाचं पोर फिरवावं तसं ते माप पेठेतून चाललं. बाबूशेठांचे दिवाणजीसुद्धा गर्दीत सापडले आणि बघता बघता माप त्यांच्या खांद्यावर आलं. ते वाकले, कण्हले, आणि “हे पन्नासच?” असं इतक्या मोठ्यानं म्हणाले, की बाबूशेठांनी छत्री पुन्हा उघडून त्यात तोंड लपवलं.

“पन्नास आला रे आला!” कुणीतरी ओरडलं.

“पन्नास आला रे आला!” पेठ ओरडली.

मिरवणूक वळणावर गेली. पाराशी उरले ते दोघंच. यशोधन, अनवाणी, गळ्यात काही नाही. आणि बुवा, जमिनीवर फतकल मारून बसलेले.

यशोधननं छापखान्याला फोन केला.

“कंस काढ.”

“पुन्हा घालायचा का मागनं?” तिकडून कंटाळलेला आवाज आला.

“नाही. कधीच नाही.”

तो बूट शोधू लागला. एक सापडला. दुसरा कुत्र्यानं पाराखाली नेला होता. लांबून घोषणा ऐकू येत होत्या. यशोधननं कान टवकारले. बराच वेळ टवकारले. मग हळूच बुवांच्या शेजारी बसला.

“बुवा…”

“हं.”

“सगळे त्या मापाचंच नाव घेतायत. माझं कुणी घेत नाही.”

“कुणीच न्हाई?”

“कुणीच नाही.”

बुवांनी खिशात हात घालून शेवटची शेंग काढली. फोडली. दोन दाणे निघाले. एक त्यांनी तोंडात टाकला. दुसरा यशोधनच्या तळहातावर ठेवला.

“मग आलास की निवडून.”