कड्यावरची पेटी

"पण महाराज, मग यातला निवडू कुठला?"

निरंजन टिपरे हे आल्यापासून कितव्यांदा तरी विचारत होता. उमेदगिरी महाराज मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. उत्तर द्यायची त्यांना काही घाई दिसत नव्हती.

घाई सगळी निरंजनला. बसल्या जागी त्याचा पाय हलत होता. टेकडीखाली गाडी उभी होती, ड्रायव्हर मधूनमधून हॉर्न मारत होता, आणि प्रत्येक हॉर्नला हा अर्धा उठून पुन्हा बसत होता.

सातपुड्यातल्या त्या खोऱ्यात मोबाइलचा टॉवर नाही. म्हणून निरंजनने पाड्यापाड्यावर झाडांना बिनतारी पेट्या बांधल्या होत्या. एका पेटीने निरोप घ्यायचा, दुसरीच्या हाती द्यायचा, तिने पुढचीच्या... असं करत करत तो दवाखान्यापर्यंत जायचा. कुणी कुणाच्या हाती द्यायचा, हे ठरवणारा नियम म्हणजे रूटिंग प्रोटोकॉल. पेट्या बांधणं सोपं हो. सगळं घोडं अडलं होतं ते या नियमापाशी.

महाराजांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. भगवी वस्त्रं घेण्याआधी त्यांची हयात पोलिसांच्या बिनतारी खात्यात गेली होती. म्हणून तर निरंजन टेकडी चढून विचारायला आला होता. आणि विचारायला आलेला माणूस सकाळपासून एकटाच बोलत होता.

एक नियम म्हणे, सगळे रस्ते आधीच पाठ करून ठेवा. मग पेट्या दिवसभर एकमेकींशी बडबडत बसतात आणि बॅटरी संपवतात. दुसरा म्हणे, गरज पडेल तेव्हा रस्ता विचारा. मग नेमक्या गरजेच्या वेळी विचारपूस करण्यात वेळ जातो. तिसरा म्हणे, कमीत कमी हात बदला. निरंजनने तिन्ही लावून पाहिले, तिन्ही काढून टाकले. एक ना धड, भाराभर चिंध्या.

"तिसरा का काढलास?"

निरंजनचा पाय थांबला.

"त्यानं... घात केला, महाराज."

मग त्याने खाली बघत सांगितलं. गणपतीच्या दिवसांत बोरपाड्याची दितली अडली होती. आशाताईने निरोप पाठवला. जवळच्या पेट्यांतून वळसा घेत जायचं सोडून नियमाने सरळ दरीपलीकडची, कड्यावरची पेटी धरली. हात कमी लागतात ना. त्या दिवशी दरीत मुसळधार पाऊस कोसळत होता. निरोप बोरपाड्यातून निघाला, दवाखान्यात काही पोचला नाही. दितली वाचली. बाळ गेलं.

राग त्याला स्वतःचा येत होता आणि काढत होता तो नियमावर. आता त्याच पाड्यात दितलीच्या जावेचे दिवस भरत आले होते. आज संध्याकाळच्या आत पेट्यांना कुठलातरी एक नियम देणं भाग होतं, आणि त्याचं मन काही एका जागी ठरत नव्हतं.

"कड्यावरची पेटी बंद होती?"

"छे. चांगली चालू होती. 'मी आहे, मी आहे' म्हणत होती. माझ्या पडद्यावर हिरवीगार दिसत होती."

"तिला निरोप ऐकू आला होता?"

"ती 'आहे' म्हणत होती ना..."

महाराजांनी शेंगांची टोपली बाजूला सारली.

"त्या टाक्यापाशी जाऊन उभा राहा. तुला सांगतो."

पाण्याचं टाकं अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. निरंजन जवळजवळ पळतच गेला. सुटलो एकदाचे, असं त्याला वाटलं.

महाराजांचे ओठ हलले. टेकडीवर वारा असा भणाणत होता की एक अक्षर कळेल तर शपथ. निरंजनने मान डोलावली. गुरू बोलत असताना 'काय म्हणालात?' म्हणून ओरडायचं कसं? शिवाय आपण एवढे शिकलेले. महाराज बोलत राहिले, हा डोलावत राहिला. शेवटी त्याने हात जोडले आणि लगबगीने परत आला.

"कळलं?"

"हो, महाराज."

"काय सांगितलं?"

"धीर धरावा... असं काहीसं."

"पुन्हा जा."

निरंजन पुन्हा गेला. आता त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता. चेष्टा चाललीये का आपली? तिकडे बाईचे दिवस भरत आलेत आणि इथे आम्ही अंगणात येरझारा घालतोय.

महाराजांचे ओठ हलले. निरंजनची मान सवयीने खाली गेली... आणि अर्ध्यात अडकली. कड्यावरची पेटीही अशीच न ऐकता 'मी आहे' म्हणत राहिली होती; निरोप द्यायला हवा होता तो 'ऐकलं' म्हणून परत कळवणाऱ्या पेटीच्याच हाती. खाली हॉर्न वाजला. हे असंच मान हलवून आपण गाडीत बसणार, पेट्यांना काहीतरी सांगणार, आणि बोरपाड्यातली ती बाई आपल्या भरवशावर राहणार. त्याला लाज वाटली, रडूही आलं.

"महाराज," तो सगळा जोर लावून ओरडला, "ऐकू येत नाही! मघाशीही आलं नव्हतं!"

महाराज उठले. सावकाश अंगण ओलांडून त्याच्यापाशी आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"सकाळपासून," ते म्हणाले, "तुझा हा पहिला निरोप मला पोचला."